हाताला काम आणि कामाला मान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



काम करणाऱ्यांना उत्साह कशाने येतो आणि पुढारीपण कसे करावे, यावर मी चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या कंपन्यांत या कामासाठी वेगळे खाते असते, शिकलेले अधिकारी असतात. आपल्याकडे तसे काही नाही. पण दहाजणी एका ओळीत कामाला बसल्या की काय काय होते, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

आणि प्रश्न तर दारात उभाच आहे. गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाच्या कामाला चौदाजणी होत्या. यंदा नावे द्यायला नऊच आल्या. मागणी वाढली आणि हात कमी झाले. त्यावर कार्यकारिणीत अशी सूचना आली आहे, की देखरेखीला एक कडक बाई नेमावी आणि मोडलेल्या चकल्यांचे पैसे मजुरीतून कापावेत. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे. तरीही मला ती पटत नाही. का पटत नाही, ते सांगते.

लग्नाआधी दोन वर्षे मी मसाल्याच्या पुड्या भरायला एका कारखान्यात जात असे. तिथे पुडी फाटली की दंड होई. दंडाचा हिशेब मुकादमाच्या वहीत. ती वही आम्हाला कधी दिसली नाही. त्याचा परिणाम काय झाला? पुड्या फाटायच्या थांबल्या नाहीत. फाटलेल्या पुड्या पोत्याखाली जाऊ लागल्या, एवढेच. यंत्राची धार गेली आहे हे आम्हा सगळ्यांना दिसत होते, पण बोलायचे कोणी? जी बोलेल तिच्याच नावावर दंड. धाकाने चूक कमी होत नाही, चूक लपते. आणि लपलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

आता याच्या उलट गोष्ट सांगते. लिज्जत पापड आपण सगळ्याच खातो. त्या कामाची सुरुवात १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर झाली. सात गुजराती गृहिणी, ८० रुपये उसने आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे. छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सारे छगनबापा म्हणत, त्यांनी पैसे दिले आणि सल्लाही दिला. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद पडले. दुसऱ्या वर्षी या बायकांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी! ही युक्ती कोणा साहेबाची नव्हे. ज्यांचे काम अडले होते, त्यांनीच ती शोधली. काम आपले वाटले की डोके चालते. दुसऱ्याचे वाटले की हातच तेवढे चालतात.

१९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज चाळीस हजारांहून अधिक बायका तिच्यात आहेत. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एवढा पसारा चालतो कसा? मला त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, तिथे पापड लाटणारी कोणी नोकर नाही. पापड लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार आहे. नफा तिचा, तसा तोटाही तिचाच. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हे त्या सातजणींनी आरंभीच ठरवले होते.

दुसरी, हिशेब ताबडतोब. सकाळी केंद्रावरून भिजवलेले पीठ न्यायचे, घरी लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तपासणी झाली, वजन झाले की लाटणावळ ठरली. कोणाची मर्जी सांभाळायला नको.

तिसरी, पुढारीण कामातूनच वर येते. शाखेच्या संचालिका पापड लाटणाऱ्या भगिनींमधूनच निवडल्या जातात. जिचे हात पिठात गेले आहेत, तिला पीठ सैल झाले म्हणजे काय होते हे सांगावे लागत नाही. आपल्या घरातही पाहा ना, सुनेच्या हाती किल्ल्या आल्याखेरीज घर तिचे होत नाही.

आता कोणी म्हणेल, मग काय सगळे गोडीगुलाबीने चालवायचे? मुळीच नाही. पहिल्या दिवसांत स्वस्तातला हलका पापडही करून पाहिला होता. तेव्हा छगनबापांनी बजावले की पापड एकच करा आणि चांगलाच करा. आजही पापड तपासल्याशिवाय घेत नाहीत. शिस्त हवीच. पण शिस्त मालाला लावायची, माणसाला नव्हे. 'ही चकली घेता येणार नाही' असे म्हणणे वेगळे आणि 'तुला चकली जमत नाही' असे दहाजणींसमोर म्हणणे वेगळे. पाचजणी का आल्या नाहीत, हे विचारायला मी तिघींच्या घरी जाऊन आले. मजुरी कमी म्हणून कोणी रागावलेली नाही. एकीने सांगितले, "ताई, माझी भाजणी वजनात कमी भरली म्हणाले, पण वजन करताना मला बोलावलेच नाही." एवढेच तिचे दुःख आहे.

आपले काम महिनाभराचे, पसारा लहान. मोठ्या संस्थेचे सगळे आपल्याला उचलता येणार नाही. पण तीन गोष्टी याच दिवाळीपासून करता येतील. वजनकाटा आतल्या खोलीतून बाहेर आणून मधोमध ठेवावा आणि वजन जिचे तिच्यासमोर करावे. मजुरीचा हिशेब रोज संध्याकाळी फळ्यावर लिहावा. आणि देखरेखीला बाहेरची बाई न आणता कामातल्याच एकेकीने आठवडाभर ते काम करावे. चकल्या मोडतात तर आधी भाजणी पाहावी, मोहन पाहावे, तेलाचा ताव पाहावा, बाई मागाहून. मोडलेल्या चकल्या वेगळ्या बांधून कमी दराने विकाव्यात. घरी खायला त्या काही वाईट नसतात.

पुढच्या मासिक सभेत हे मी लेखी मांडणार आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी अवश्य विरोध करावा, मात्र सभेत, जिन्यात नको. आणि न आलेल्या त्या पाचजणींनाही सभेचे आमंत्रण जावे, ही अध्यक्षीणबाईंना माझी विनंती आहे. त्यांच्याविषयी ठरवायचे, तर त्यांच्यासमोरच ठरू दे.