गोचीड ताप आणि जनुकांची हालचाल



म्हैसूरमध्ये गुरांविषयी बोलायचे, तर एका जुन्या नात्याचा उल्लेख आधी केला पाहिजे. चिक्कदेवराज वोडेयर यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे सरकारी गुरांसाठी ‘बेण्णे चावडी’ हे खाते उभारले आणि टिपू सुलतानाने त्याला ‘अमृत महाल’ हे नाव दिले. याच मुलखातल्या हल्लीकर गुरांपासून आपला खिल्लार निपजला, असे पशुवंशाचे अभ्यासक मानतात. माझ्या आजच्या विषयाचा शेवटही जनावराच्या वंशापाशीच होतो.

विषय आहे थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीच्या जनुकांच्या क्रियाशीलतेचा. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराची गोठ्यातली ओळख ‘गोचीड ताप’ अशीच असते. खांद्यापुढची गाठ सुजते, ताप चढतो, रवंथ थांबते, डोळ्यांची आतली त्वचा पांढुरकी पडते. उरळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी ‘बाएफ’ संस्था काढली आणि पुढे संकरित गाय खेडोपाडी पोचली. तिने अनेक घरांना नियमित उत्पन्न दिले. मात्र हा ताप तिलाच अधिक बाधतो, आणि उपचाराला दोन दिवस उशीर झाला की कर्ज काढून घेतलेली गाय हातची जाते.

या परजीवीचा जनुकसंच २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार गुणसूत्रे, सुमारे ३,८०० जनुके. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तो गोचिडाच्या लाळग्रंथीत वाढतो, गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि पुढे तांबड्या पेशीत उतरतो. जनुके तिन्ही ठिकाणी तीच, पण चालू असतात निरनिराळी. म्हणून नुसती यादी वाचून रोग कळत नाही. कोणते जनुक कोणत्या मुक्कामी चालू आहे, हे पेशीतल्या आरएनएवरून पाहावे लागते.

पांढऱ्या पेशीतला मुक्काम मला सर्वांत विलक्षण वाटतो. तिथे गेल्यावर परजीवी त्या पेशीला कर्करोगाच्या पेशीसारखे अखंड विभाजित व्हायला लावतो आणि तिच्या प्रत्येक विभाजनाबरोबर स्वतःही दुभंगतो. बुपार्व्हाक्वोन हे औषध देऊन परजीवी मारला, की पेशीची ही धाव थांबते. पॅरिसच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की परजीवी ‘पिन-१’ नावाचे एक विकर यजमान पेशीत सोडतो आणि त्याच्या जोरावर तिचा ताबा टिकवतो. परजीवीचे एक जनुक गाईच्या अनेक जनुकांना कामाला लावते!

आपली लसही याच ज्ञानाशी जोडलेली आहे. बाधित पेशी प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवत नेल्या की त्यांचा मारकपणा ओसरतो. ऊतींतून वाट काढायला लागणारी विकरे त्या कमी बनवू लागतात. अशा पेशींचीच लस भारतात तयार होते. पण ती द्रव नायट्रोजनमध्ये जपावी लागते आणि त्यामुळेच आडगावच्या गोठ्यापर्यंत पोचत नाही. औषधाचीही निश्चिंती उरलेली नाही. ट्युनिशिया, इराण आणि सुदानमध्ये बुपार्व्हाक्वोनला दाद न देणारे परजीवी सापडले आहेत.

लस आणि औषध अशी अपुरी पडतात, म्हणून जनावराच्या वंशाकडे पाहावे लागते. स्कॉटलंडमधील रॉसलिन संस्थेच्या एलिझाबेथ ग्लास आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना सारखाच संसर्ग दिला होता. साहिवाल वासरांचा आजार सौम्य राहिला, होल्स्टीनचा तीव्र झाला. पुढे दोन्ही वंशांच्या पांढऱ्या पेशींतील जनुकांच्या हालचालीतही फरक आढळला. भारतीय रक्ताच्या वासरांची ही परीक्षा स्कॉटलंडमध्ये झाली, याचे मला मनापासून वाईट वाटते. जनुकसंच वाचला गेला तोही तुर्कस्तानातल्या अंकारा वाणाचा. खिल्लार, हल्लीकर, देवणी यांच्या अंगात आपल्याकडचा परजीवी कसा वागतो, हे आपणच शोधायचे आहे.

त्याची सुरुवात महागड्या यंत्रापासून होत नाही. आरएनए फार लवकर नासतो. गाठीतला स्राव सुईने काढला, की त्याच क्षणी तो संरक्षक द्रवात पडला पाहिजे. दुपारी तालुक्याला नेऊ म्हटले तर हाती काही उरत नाही. म्हणजे या संशोधनातला पहिला निर्णायक हात गोठ्यात उभ्या असलेल्या पशुधन पर्यवेक्षकाचा आहे. शोधनिबंधावर त्याचे नाव यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

तरुण मित्रांना माझे आवाहन आहे. गोचीड तापाच्या प्रत्येक जनावराची काचपट्टी तपासताना एक थेंब आरएनएसाठी राखून ठेवा. जनावराचा वंश, वय, तापाचा दिवस आणि दिलेले औषध त्याच कागदावर नोंदवा. औषध देऊनही बरी न झालेली गाय नोंदवहीतून वगळू नका. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या पशुवैद्यक महाविद्यालयांनी हे नमुने एकत्र जपण्याची व्यवस्था करावी, आणि निष्कर्ष निघतील ते मराठीत नि कन्नडमध्ये लिहून गाईच्या मालकापर्यंत पोचवावेत. या कामाला याच वर्षी हात घाला.