पहिले चार पदवीधर

मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८६२ सालीं त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. पुढें रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. भांडारकर १८९३ सालीं त्याच विश्वविद्यालयाचे कुलगुरु झाले.

हे मान मोठे खरे. परंतु विद्येची कसोटी घरांत लागते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे १८७३ सालीं विधुर झाले, आणि वडिलांच्या आग्रहापुढें नमून त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं लग्न केलें. लोकांनीं टीका केली; ती अन्यायाची नव्हती. पण त्याच मुलीला त्यांनीं स्वतः शिकविलें, आणि रमाबाई रानडे पुढें पुण्याच्या सेवासदनाचा आधारस्तंभ झाल्या. भांडारकरांनीं तर १८९१ सालीं आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला व लोकनिंदा सोसली.

आपल्या घरीं कोणी पदवीधर झाला, तर पेढे अवश्य वांटावे. मात्र कांहीं वर्षांनीं त्याला एवढें विचारावें: या विद्येनें घरांतील कोणाचें दुःख हलकें झालें?