कापसाच्या तंतूंतील बळ

जलंब-खामगांव हा आगगाडीचा फांटा १८७० सालीं सुरू झाला तो मुख्यतः कापसाकरितां. बुलढाणा जिल्ह्याचें हें धन हातीं घेतलें तर किती नाजूक! पण त्याचेंच वस्त्र परटाच्या शिळेवर आपटलें तरी सहसा फाटत नाहीं. श्रोत्यांना नवल वाटेल, कापसाचा तंतु ओला असतां कोरड्याहून अधिक बळकट असतो.

कापूस म्हणजे बहुतांशीं सेल्युलोज. द्राक्षशर्करेचे हजारों घटक एका ओळींत जोडले जाऊन त्याची एकेक सांखळी बनते, आणि शेजारच्या सांखळ्यांना हायड्रोजन-बंध एकमेकींशीं जखडतात. असा एकेक बंध सांखळींतील जोडाहून पंधरा-वीस पटींनीं दुबळा. परंतु सांखळी सरकावयाची तर असे असंख्य बंध एकदम तुटावे लागतात. जेथें सांखळ्या शिस्तीनें रचलेल्या असतात, त्या स्फटिकमय भागांत पाणीहि शिरत नाहीं. विस्कळित भागांत मात्र तें शिरतें, तेथील ताठर गुंता सैल करतें, आणि मग ताण अनेक सांखळ्यांवर सारखा वांटला जातो.

कृत्रिम रेशीम म्हणून विकलें जाणारें रेयॉन हेंहि सेल्युलोजच. पण त्याच्या सांखळ्या आंखूड, आणि शिस्तीचा भाग थोडा. म्हणून तें भिजतांच दुबळें पडतें. परटाच्या शिळेवर त्याचा निभाव लागत नाहीं.