मावशींचं नाव काय?

आजचा एपिसोड छोटा आहे. लोकलमध्ये उभे असाल तर दोन-तीन स्टेशनांत संपेल.

ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामासाठी मी तीन आठवडे जॉर्जियात होतो. अमेरिकेतलं नाही हां, कॉकेशस पर्वतातला देश. एका शनिवारी राजधानी तिबिलिसीहून ‘मार्शरुत्का’ पकडली. म्हणजे आपलं वडापच! भरल्याशिवाय सुटत नाही. साधारण दीडशे किलोमीटरवर स्तेपान्त्समिंदा नावाचं गाव आहे. लोक अजून जुन्या नावानं काझबेगीच म्हणतात.

गावावर 2,170 मीटर उंचीवर गेरगेतीचं चौदाव्या शतकातलं चर्च आहे आणि त्याच्या मागे 5,054 मीटरचा बर्फाळ काझबेक. दीड तासात चर्चपाशी पोचलो. खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण सह्याद्रीत इतके गड केलेत, आपल्याला काय होतंय, हा माज! तसाच वर चढत राहिलो. मग धुकं आलं. थंडीने फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट बंद. मॅप गेला, टॉर्च गेला. घसरत, अंदाजाने उतरत राहिलो. खरं सांगतो, जाम फाटली होती.

अंधारात गेरगेती गावातली पहिली घरं दिसली. माझं गेस्टहाऊस नदीपलीकडे होतं. एका फाटकापाशी उभ्या आजींनी माझ्या चिखलाने भरलेल्या पँटकडे बघितलं आणि काही न विचारता हात धरून आत नेलं. शेगडीजवळ बसवलं. त्यांच्या नातीला इंग्रजी येत होतं. जेवायला खिंकाली होती. दिसायला अगदी उकडीचा मोदक, तशाच कळ्या, पण आत मांस. मी खात नाही म्हटल्यावर आजींनी माझ्यासाठी बटाटे उकडायला टाकले. खिंकाली शेंडीला धरून हाताने खायची आणि शेंडी ताटात ठेवायची, हेही त्यांनीच शिकवलं.

जॉर्जियात जेवताना टोस्ट करतात आणि ते चालवणाऱ्याला ‘तामादा’ म्हणतात. इथे आजोबा तामादा होते. पहिला टोस्ट शांततेसाठी, दुसरा गेलेल्या माणसांसाठी, तिसरा माझ्यासाठी. मग त्यांनी नातीमार्फत विचारलं, “तुमच्या डोंगरात तुला कोण जेवू घालतं?”

मी उत्साहात सांगितलं, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनई गाव आहे. तिथल्या एक मावशी चुलीवरची भाकरी आणि पिठलं देतात. चार वेळा जेवलोय त्यांच्याकडे.

आजोबांनी ग्लास उचलला. “नाव काय त्यांचं?”

मला माहीत नव्हतं. चार वेळा जेवलो होतो, ‘मावशी, अजून एक भाकरी’ म्हणालो होतो. जीपे केलं तेव्हा स्क्रीनवर त्यांच्या मुलाचं नाव आलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “मावशी.”

“मावशी हेच नाव?”

“हो.”

“मावशी, गाउमार्जोस!” म्हणजे मावशींचा विजय असो. सगळ्यांनी ग्लास उंचावले. मला मात्र वाईन घशाखाली उतरेना.

सकाळी निघताना मी ताटाखाली हळूच पन्नास लारी ठेवले. मार्शरुत्कात बसून सॅक उघडली तर पाव, चीज आणि तीच पन्नासची नोट!

आता गैरसमज नको. पाचनईच्या मावशींचा तो व्यवसाय आहे. तिथे पैसे पूर्ण द्यायचे, घासाघीस करायची नाही. पण पैसे दिले की हिशेब मिटला, असं मी धरून चाललो होतो. गेरगेतीच्या आजींनी तर रात्री दारातच पहिल्यांदा माझं नाव विचारलं होतं आणि चुकतमाकत तीनदा म्हणूनही बघितलं होतं.

नोव्हेंबरमध्ये पाचनईला गेलो. जेवण झाल्यावर म्हटलं, “मावशी, तुमचं नाव काय?” त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, “आजवर कुणी इचारलं नाय बाबा.” आणि सांगितलं. मी त्यांना गेरगेतीची गोष्ट सांगितली, खोटं बोललो होतो तेसुद्धा.

नाव मी इथे सांगणार नाही. तुम्ही गेलात की स्वतः विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!