विजेरीची घडण आणि सुधारणा
(केंद्रातील शिक्षकांपुढे झालेले व्याख्यान)



घरोघरी ‘बॅटरी’ या नावाने ओळखली जाणारी विजेरी वरच्या वर्गातील मुलांकडून घडवून घेता येते, आणि त्या ओघात विज्ञानाचे व अंकगणिताचे कितीतरी पाठ आपोआप होऊन जातात. जुन्या विजेरीत तारेचा बल्ब असे. खर्ची पडणाऱ्या विजेचा फारच थोडा अंश त्यातून प्रकाशरूपाने बाहेर पडे. आता त्याची जागा एलईडीने घेतली आहे. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा प्रकाश साधता आला, त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अधिक वॅटचा एलईडी बसविला म्हणजे विजेरी सुधारली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट विरळ होतो; म्हणून दुप्पट लांबचे दिसण्यास चौपट प्रकाश हवा. त्यापेक्षा चांगले भिंग बसवून झोत अरुंद करणे स्वस्त पडते. जुन्या विजेरीत नुसता एलईडी बसविल्यास झोत बहुधा फाकतो. कारण तेथील आरसा तारेच्या जागेस अनुसरून घडविलेला असतो. एलईडी नेमका त्या जागी येईल इतका पुढेमागे करून पाहावा.

खरी बाब प्रवाहाची व उष्णतेची आहे. एक वॅटच्या पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट दाब व ०.३५ अँपिअर प्रवाह लागतो. दीड व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक जोडले की ४.५ व्होल्ट होतात. वरचा दीड व्होल्ट अडविला नाही, तर प्रवाह मर्यादेबाहेर जाऊन एलईडी जळतो. १.५ ला ०.३५ ने भागले असता सुमारे ४.३ ओहम येतात. बाजारात ४.७ ओहमचा रेझिस्टर सहज मिळतो. त्याने प्रवाह ०.३२ अँपिअरच्या आसपास राहतो व तेवढा पुरे. रेझिस्टर मात्र १ वॅटचा घ्यावा. त्यात जवळजवळ अर्धा वॅट उष्णता होते, आणि पाव वॅटचा करपून जातो. हा भागाकार मुलांनीच करावा.

एलईडीची उष्णता प्रकाशाबरोबर पुढे जात नाही, ती पाठीमागे साचते. साचली की प्रकाश मंदावतो व आयुष्य घटते. याकरिता एलईडी ॲल्युमिनियमच्या पाच सेंटीमीटर चौरस पट्टीवर, मध्ये उष्णतावाहक लेप देऊन, घट्ट बसवावा. पट्टीला मोकळी हवा लागली पाहिजे; प्लॅस्टिकच्या नळीत ती कोंडली तर तिचा उपयोग नाही. दहा मिनिटे दिवा लावून पट्टीवर बोट टेकवावे. बोट ठेववत नसेल, तर पट्टी लहान आहे असे समजावे.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सुटे सेल शाळेत आणूच नयेत. तारेला तार लागली, तर ते पेट घेतात. तसेच पेटलेल्या एलईडीकडे कोणी रोखून पाहू नये.

डोक्यास बांधावयाचा दिवा हीच घडण होय. फक्त सेल पट्ट्याच्या मागील बाजूस घ्यावेत, म्हणजे कपाळावर भार येत नाही. रात्रपाळीचे पाणी धरणाऱ्याचे दोन्ही हात त्यामुळे मोकळे राहतात. परंतु त्यात एक उणीव आहे. दिवा डोळ्यांजवळ असल्याने वस्तूची सावली वस्तूमागेच दडते, आणि बांधावरचा खड्डा काय, साप काय, सपाट भुईसारखा भासतो. कमरेइतक्या उंचीवर धरलेल्या हातातल्या विजेरीने सावल्या लांब पडतात व उंचसखल ओळखू येते. अंधारात वस्तीवर जाणाऱ्या मुलाच्या हाती म्हणून हातविजेरीच द्यावी. हा फरक वर्गाच्या खिडक्या लावून, जमिनीवर दोरीचा तुकडा टाकून, दोन मिनिटांत दाखविता येतो.