पडद्यामागचे कामकरी

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु नववीच्या मुलांबरोबर आपल्या संगणक कक्षात जे करून पाहिले, ते आपणांसमोर ठेवण्यास पदवी लागत नाही असे समजून उभा आहे.

विषय आपल्या सर्वांच्या अनुभवातला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पान मध्येच गोठते. बटण दाबावे तर दबत नाही, अक्षर उमटत नाही. शेवटी पान प्रतिसाद देत नसल्याची पाटी येते. आपण इंटरनेटच्या नावाने बोटे मोडतो. पुष्कळदा ते रास्तही असते. पण इंटरनेट उत्तम चालू असतानाही पान गोठू शकते, आणि त्याचे कारण पालघर-बोईसरच्या प्रवाशाला समजावणे फारसे कठीण नाही.

२०१३ साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली. परंतु विरारच्या पुढे जाण्यास एक आणि येण्यास एक असे दोनच मार्ग होते. मागून लांब पल्ल्याची गाडी आली की लोकल बाजूला उभी. लोकलमध्ये बिघाड नाही, मोटरमनची चूक नाही. मार्ग मोकळा नाही इतकेच. तिसरा व चौथा मार्ग टाकण्याचे काम हाती घेतले गेले ते याचसाठी.

ब्राउझरमधल्या पानाची गोष्ट अशीच आहे. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. तेव्हा तिच्याकडून अपेक्षा माफक होत्या, म्हणून एकच मार्ग पुरेसा होता. पान रंगविणे, आपले बोट कोठे टेकले ते पाहणे आणि हिशेब करणे, ही सारी कामे त्या एकाच मार्गावरून एकामागून एक जातात. हिशेब दहा सेकंदांचा निघाला तर आपले बोट दहा सेकंद रांगेत! मोठ्या कामाचे तुकडे करून मधूनमधून वाट मोकळी करून देण्याची युक्ती जाणकार वापरीत आले. ती आजही चालते, पण मार्ग एकच राहतो.

दुसरा मार्ग मिळाला तो 'वेब वर्कर'मुळे. २००९ साली फायरफॉक्स ३.५ मध्ये ही सोय आली आणि पुढील काही वर्षांत इतर प्रमुख ब्राउझरांनीही ती दिली. वर्कर म्हणजे आतल्या खोलीत बसलेला कामकरी. खिडकीवरचा कारकून त्याच्याकडे काम देतो व स्वतः पुढच्या माणसाशी बोलावयास मोकळा होतो. दोघांमध्ये बोलणे होते ते फक्त चिठ्ठ्यांनी. आतल्या कामकऱ्याला पानावर स्वतः काही लिहिण्याची मुभा नाही. हा नियम प्रथम जाचक वाटतो. पण एकाच हजेरीपटावर दोन शिक्षक एकाच क्षणी लिहू लागले तर काय होईल, हे इथे बसलेल्या शिक्षकांना सांगावयास नको.

चिठ्ठीतही खर्च आहे. पाठविलेल्या माहितीची एरवी नक्कल होते. माहिती मोठी असली, एखादे छायाचित्र असले, तर नक्कल करण्यातच वेळ जातो. अशा वेळी मूळ वहीच देऊन टाकता येते. मात्र दिल्यानंतर ती देणाऱ्याकडे उरत नाही. दोघांनी मिळून एकच वही वापरण्याचीही सोय पुढे निघाली होती. पण जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' नावाची, प्रोसेसरांच्या रचनेतली फट उघड झाली आणि ब्राउझरांनी ती सोय तातडीने बंद केली. नंतर ती परतली, पण कडक अटींवर.

या कामकऱ्यांचा गैरवापरही झाला आहे. २०१७ साली निघालेल्या 'कॉइनहाइव्ह'चा प्रोग्रॅम पानात घातला, की पान पाहणाऱ्याच्या संगणकावर आभासी चलन मिळविण्याचे हिशेब पडद्यामागे चालत. अनेक ठिकाणी हे त्या बिचाऱ्याला न विचारताच चाले. वीज त्याची, यंत्र त्याचे, कमाई दुसऱ्याची. मार्च २०१९ मध्ये ती सेवा बंद पडली. पान वाचता वाचता फोन विनाकारण तापू लागला तर ते पान बंद करावे, एवढे घरी अवश्य सांगा.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळतो. अमेरिकेने हव्या त्या ताकदीचा महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर त्यात एकमेकांना निरोप पाठवून एकच काम वाटून घेत. ज्या अणुऊर्जा विभागाचे तारापूर केंद्र १९६९ पासून आपल्या शेजारी आहे, त्याच विभागाच्या ट्रॉम्बे येथील भाभा केंद्रानेही १९९१ सालीच 'अनुपम' हा समांतर संगणक उभा केला. स्वतंत्र कामकरी आणि मध्ये निरोप, हे 'परम'चे तत्त्व आणि वेब वर्करचे तत्त्व सारखेच. तेव्हा त्यासाठी राष्ट्रीय संस्था लागली. आज पालकांच्या खिशातल्या साध्या फोनलाही पुष्कळदा आठ कोअर असतात आणि ब्राउझर फुकट मिळतो. असे असता आपला संगणक कक्ष केवळ अर्ज भरण्यास आणि टंकलेखनास वापरला जावा, हे मला पटत नाही.

नववीच्या वर्गाला मी एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्या मोजावयास दिल्या. उत्तर ६,६४,५७९. साध्या रीतीने हिशेब चालविला तेव्हा पान गोठले. वर्करकडे दिला तेव्हा हिशेब चालू असताना मुले त्याच पानावर नावे टंकीत होती. इंटरनेट लागले नाही. कक्षातल्याच एका संगणकाला लहानसा सर्व्हर केले, कारण नुसती फाइल उघडली तर क्रोममध्ये वर्कर सुरू होत नाही.

मग चार कामकरी नेमले, प्रत्येकाला पंचवीस लाख संख्या. पहिला लवकर मोकळा झाला आणि चौथा दुपटीहून अधिक वेळ घेत बसला, कारण मोठी संख्या तपासण्यास अधिक भागाकार लागतात. एक मुलगी म्हणाली, "सर, पत्ते वाटतात तशा वाटू या, एक याला, एक त्याला." वाटल्या. दोघांच्या वाट्याला सगळ्या समसंख्या आल्या! ते क्षणात मोकळे, आणि सारा भार उरलेल्या दोघांवर. वर्गात हशा पिकला. शेवटी दहा-दहा हजारांचे गठ्ठे केले आणि जो मोकळा होईल त्याला पुढचा गठ्ठा दिला. तेव्हा चौघे जवळजवळ एकदमच थांबले.

तरीही वेग चौपट झाला नाही. कक्षातल्या जुन्या यंत्रांत दोनच कोअर आहेत. दोन चुलींवर चार आचारी बसविले म्हणून चार पातेली एकदम शिजत नाहीत. फोनवर आठ कामकरी नेमून पाहिले तर तेथेही आठपट वेग येत नाही, कारण त्यातले काही कोअर मंद असतात. हे आकडे मुलांनी तक्त्यावर मांडून कक्षात लावले आहेत. चहापानानंतर कक्ष उघडा राहील. पालकांनी आपला फोन बरोबर आणावा. मुले त्यावर मोजून दाखवतील.