पाण्याची साक्ष

जनावरें मरूं लागलीं म्हणजे रोग आला असें समजावयाचें, ही जुनी रीत. परंतु रोग कळेपर्यंत जनावर उरलेंच नाहीं, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? युरोपांतील क्रेफिश नांवाच्या जलचरानें हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें टाकला.

कोंकणांतील श्रोत्यांना समुद्रांतील शेवंड ठाऊक आहे. क्रेफिश हा तशाच घडणीचा, पण गोड्या पाण्यांत राहणारा प्राणी. नॉर्वे व स्वीडन येथें ऑगस्टमध्यें तो पकडून आप्तेष्टांसह खाण्याची जुनी चाल आहे. १८५९ च्या सुमारास इटलींत या प्राण्यांवर मरी आली आणि नद्यांमागून नद्या ओस पाडीत युरोपभर पसरली. तिचें कारण 'अफानोमायसिस अस्ताकी' हा बुरशीसारखा सूक्ष्म जीव. त्याचे बीजाणु पाण्यांत पोहत जाऊन प्राण्याच्या कवचांत शिरतात. अमेरिकन क्रेफिश बहुधा ही बाधा अंगावर वागवून जगतो. युरोपीय मात्र थोड्याच दिवसांत दगावतो.

नॉर्वेंत ही मरी १९७१ सालीं प्रथम आढळली. तेथें पूर्वीं जिवंत क्रेफिश पिंजऱ्यांत घालून पाण्यांत ठेवीत व ते मरतात कीं काय, हें पाहत. २०१६ पासून तेथील पशुवैद्यक संस्थेनें निराळी पद्धत स्वीकारली. प्रत्येक जीव आपल्या देहाचे सूक्ष्म कण पाण्यांत टाकीत असतो. त्या कणांत त्याच्या जातीची खूण, म्हणजे डी. एन. ए., असते. कांहीं लिटर पाणी बारीक गाळणींतून गाळून, त्या खुणेच्या असंख्य प्रती प्रयोगशाळेंत तयार करून ती ओळखतात. एकाच नमुन्यावरून रोगबीज, त्याचा अमेरिकन वाहक व देशी प्राणी या तिघांचा शोध घेतां येतो.

२०१४ सालीं हाल्डेन नदीच्या सरोवरमालिकेंत कोणी बेकायदा अमेरिकन क्रेफिश सोडल्याचें व मरी आल्याचें उघडकीस आलें. पुढें केलेल्या पाहणींत, पिंजऱ्यांतील प्राणी मरण्यापूर्वीं अडीच आठवड्यांपर्यंत आधीं पाण्यांत रोगाची खूण दिसली. देशी प्राणी मरूं लागतांच त्यांची खूण एकदम वाढली आणि नंतर नाहींशी झाली.

या साक्षीलाही मर्यादा आहे. बीजाणु विरळ असल्यास खूण हातीं लागत नाहीं. म्हणून एका नमुन्यावरून पाणी निर्दोष ठरवितां येत नाहीं. शिवाय नदींत ओतावयास या रोगावर औषध नाहीं. आगाऊ सूचनेचा खरा लाभ शेजारच्या निरोगी सरोवरांना मिळतो. तेथें ओलें जाळें, होडी वा बूट नेऊं नयेत, सर्व साधनें कडकडीत वाळवावीं, परका प्राणी सोडूं नये, एवढें पथ्य पाळलें जाईल तरच आधीं मिळालेले ते दिवस सार्थकीं लागतील.